उपासाचं मीठ

शेगावचे महाराज माझं ऐकत नाहीत, असं मला वाटू लागलं होतं. हे लिहिताना हात थोडा अडखळतो, पण खरं तेच आहे. संध्याकाळ झाली की माझे दोन्ही पाय घोट्यापासून वर सुजायचे. जोडवी बोटांत रुतून बसली होती. नडगीवर अंगठा दाबला की खळगा पडायचा आणि भिजवलेल्या कणकेत पडावा तसा बराच वेळ तिथंच राहायचा. लेक पहिल्या बाळंतपणासाठी मलकापूरला माझ्याकडे येणार होती. पाय लांब करून, त्यांवर बाळाला घेऊन न्हाऊ घालायचं, हे माझ्या आईनं माझ्या लेकीसाठी केलं होतं आणि मला नातवंडासाठी करायचं होतं. इथं तर मला पाटावरून उठायलाही कुणाचा तरी हात लागत होता.

डॉक्टर समजावून सांगणारे भेटले. सूज म्हणजे एकच आजार नव्हे, म्हणाले. एकाच पायाला आली तर शिरेत गुठळी अडकल्याचा संशय घ्यायचा. सकाळी डोळ्यांभोवती दिसली तर मूत्रपिंडं तपासायची. यकृत बिघडलं तर पोटात पाणी होतं. माझं मात्र हृदय थकलं होतं. ते रक्त नीट पुढे ढकलेना, म्हणून पाणी मागे तुंबून पायांत उतरत होतं, आणि आडवं पडल्यावर दम लागायचा तो फुफ्फुसांत साठू लागलेल्या पाण्यामुळे. त्यांनी लघवीची गोळी दिली आणि मीठ बंद केलं, कारण मीठ अंगातलं पाणी धरून ठेवतं. मीही काही अर्धवट करणाऱ्यातली नाही. पापड सोडले, शेव सोडली, जावयापेक्षा जास्त लाड केलेली लोणच्याची बरणी शेजारणीला देऊन टाकली. वर महाराजांचं बळ हवं म्हणून गुरुवारच्या उपासाच्या जोडीला सोमवार आणि शनिवारही धरला. तरी सूज वाढतच गेली. आता पाणी उतरलं नाही तर भरती व्हावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. आमचे हे म्हणाले की उपास तरी सोड. मी त्यांच्याशी भांडले आणि येत्या गुरुवारी शेगावला जायचं ठरवून टाकलं.

गाडीत खिडकीशी बसले होते. बाहेर कपाशीची शेतं मागे जात होती आणि मला मात्र वाटत होतं की शेतं जागेवरच आहेत, मीच हळूहळू कशात तरी बुडते आहे. शेगावला पोचल्यावर हे दर्शनाच्या रांगेची चौकशी करायला गेले आणि मी भिंतीच्या सावलीत टेकले. दुपार झाली होती. आतून टाळांचा आवाज येत होता, पण तो विहिरीच्या तळाशी बसून ऐकल्यासारखा. माणसं समोरून जात होती, त्यांचे पाय दिसत होते, चेहरे दिसत नव्हते. झोपही नव्हती आणि जागही नव्हती. भीती तेवढी पार गेली होती, आणि त्याचंच मला नवल वाटत होतं.

तशातच मी डबा उघडला. भगर होती. सोबतच्या पुडीतलं शेंदेलोण चिमूटभर त्यावर घातलं. शेजारी एक म्हातारी बाई बसली होती, विटक्या हिरव्या लुगड्यातली. ती माझ्या पायांकडे बघत होती. न विचारताच तिनं माझ्या नडगीवर अंगठा दाबला आणि खळगा भरून येईपर्यंत थांबली.

"हे काय टाकून राह्यली वं माय?"

उपासाचं मीठ आहे, साधं मीठ डॉक्टरांनी बंद केलंय, असं मी सांगितलं.

"माह्या मालकालेबी मीठ बंद होतं," ती म्हणाली. "पोटात पानी झालं होतं त्याईच्या. समदे उपास म्या याच मिठावर करू देले. मले वाटे, हे त देवाचं हाय. आंगात गेल्यावर थे बी मीठच होते नं वं. मले कोनी सांगतलंच नाही."

मी पुडी हातात धरून तशीच बसले. आमच्या घरात याला कुणी मीठ म्हणून धरतच नाही. त्याचा डबा वेगळा, फळी वेगळी, सोवळं वेगळं. म्हणून ते डॉक्टरांना सांगावं असं माझ्या मनातही आलं नव्हतं. आणि सूज वाढली की मी उपास वाढवत होते.

तिनं फडकं सोडून भाकरीचा तुकडा आणि गूळ माझ्यापुढे धरला. भाकरीत मीठ नाही, म्हणाली. आज गुरुवार आहे, मी पुटपुटले.

"महाराजाच्या दारात कोनी उपाशी बसते काय? खाय."

मी खाल्लं, आणि खाताना रडले. इतके दिवस मी उपासाला भक्ती समजत होते, पण त्या घासाबरोबर कळलं की तो माझा हट्ट होता. मी महाराजांसमोर अडून बसले होते. हे परत आले, मला भाकर खाताना पाहिलं आणि शेजारी बसले. दर्शनाच्या वेळी मी काहीच मागितलं नाही.

ती बाई काही अदृश्य वगैरे झाली नाही. ऑटोवाल्याशी भाड्यावरून चांगली घासाघीस करून मग ती गेली. तिला माझ्याशेजारी कुणी बसवलं, ते मी सांगू शकत नाही. मी रोज हात जोडते तेव्हा तीही डोळ्यांसमोर येते. शेंदेलोणाचं डॉक्टरांना सांगितलं, तेही बंद झालं, गोळी बदलली आणि पाणी हळूहळू उतरलं. हृदय थकलेलंच आहे, गोळ्या कायमच्या आहेत. त्याबद्दल तक्रार नाही. आपण काय सोडायचं हेही आपण ठरवू नये, एवढं मी शिकले.

नात झाली. पहिल्यांदा न्हाऊ घालायला मी न्हाणीत पाय लांब करून बसले, लेकीनं तिला माझ्या नडग्यांवर ठेवलं. ती जीव खाऊन रडली. कोमट पाणी तिच्या पाठीवरून माझ्या पायांवर आलं आणि वाहून गेलं. तो गुरुवार होता. तिला दुपट्यात गुंडाळून लेकीकडे दिलं आणि मी जेवायला बसले.