सहा वर्षांची आत्या

मी दहा वर्षांची असताना मला माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आत्या मिळाली. आदल्या दिवसापर्यंत ती चौतीसची होती. बाबांची धाकटी बहीण, आमच्याच घरात राहणारी. बोलताना अडखळायची, घड्याळ तिला शेवटपर्यंत कळलं नाही, पण धानाच्या कापणीत हातात विळा आला की चार बाया मागे टाकायची.

ते साल १९९९. अर्जुनी मोरगावला अपंगांच्या तपासणीचं शिबिर लागलं होतं. बाबा आत्याला घेऊन निघाले आणि रडून-भेकून मीही सोबत गेले. तिथल्या साहेबांनी चित्रं दाखवली, ठोकळे रचायला लावले, मग विचारलं, "पाऊस आला तर काय कराल?"

"रोवणा लावू," आत्या म्हणाली. धानपट्ट्यात पाऊस आल्यावर भाताची रोपं लावायची सोडून दुसरं काय करतात?

साहेबांना छत्री हवी होती. रोवण्याचा गुण मिळाला नाही. असे बरेच गुण गेले आणि शेवटी कागद हातात आला. मतिमंद, मानसिक वय सहा वर्षे.

परतताना एसटीत कंडक्टरनं तो कागद दोनदा वाचला, आत्याकडे पाहिलं, डोकं खाजवलं आणि हाफ तिकीट फाडलं. मी हसून हसून सीटखाली गेले. वर आल्या आल्या तिला बजावलं, "आजपासून मला ताई म्हणायचं."

"हो ताई," ती गंभीरपणे म्हणाली. मी परत सीटखाली.

घरी पोहोचल्यावर मात्र हसू आटोपलं. बाबांनी आत्याचा विळा उचलला आणि छपराच्या कवेलूंखालच्या वाशात उंच खोचून ठेवला. "सहा वर्साच्या पोरीच्या हातात इळा देते का कोनी?" ते म्हणाले. बाबा दुष्ट नव्हते, तो कागद वाचून घाबरले होते. त्या कापणीला आत्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसून आमच्या चपला राखत होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच विचारायची, "माहा इळा कायले नेला?" मला ते बघवेना. म्हणून मी तिला सांगून टाकलं, "दर मंडईला तुझं वय एकानं वाढेल. अठराची झालीस की विळा परत."

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे वर्षाची जत्रा भरते. आत्यानं ते वाक्य गाठीशी बांधलं. मंडईच्या सकाळी मला उठवायची, "ताई, आता किती?" सात. आठ. नऊ. ती बाराची झाली तेव्हा एसटीत उभी राहून तिनं कंडक्टरला सुनावलं, "मी बाराची झाली. फुल तिकीट फाड!" कंडक्टर सवलतीचं तिकीट पुढे करतोय आणि ही घ्यायला तयार नाही. "साऱ्या नोकरीत असा पॅसेंजर नाई पाह्यला," असं म्हणून तो बिचारा मागे निघून गेला.

अठराची झाली त्या मंडईला ती न्हाऊन, नवं लुगडं नेसून बाबांपुढे जाऊन उभी राहिली. "भाऊ, मी अठराची झाली. इळा दे."

बाबांनी पेटीतून कागद काढला. "यात सहाच लिवलं आहे."

बारा वर्षं मोजली तिनं, आणि कागदाचं वय एका दिवसानंही वाढलं नव्हतं. मला कागदाचा राग आला, बाबांचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा. तिला खोटी आशा मीच लावली होती.

तोवर मी विशेष शिक्षिकेच्या अभ्यासक्रमाला लागले होते. एका दुपारी पुस्तकाचं पान उलटलं आणि मी वर्गातच "हो!" म्हणून ओरडले. 'मतिमंद' हा शब्द मागे पडून 'बौद्धिक अक्षमता' आला होता, आणि नुसता बुद्ध्यांक किंवा मानसिक वय यांवर आता भागणार नव्हतं. माणूस रोजच्या जगण्यात काय करतो आणि त्याला कुठे किती मदत लागते, तेही बघायचं होतं. मी पुस्तक घेऊन थेट घर गाठलं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पुस्तक नोको दाखवू. नवा कागद आन."

नव्या कागदासाठी गोंदियाला जाईपर्यंत आणखी तीन मंडया गेल्या. तपासणारी बाई तरुण होती, गोंदियाच्या पद्धतीनं हिंदी-मराठी मिसळून बोलणारी. तिनं हसून विचारलं, "आत्याजी, आपकी उम्र?"

"इक्कीस!" एकोणपन्नास वर्षांची आत्या टेचात म्हणाली.

मी घाईघाईनं सगळा हिशेब सांगितला. बाई पोट धरून हसली. मग एकेक विचारत गेली. आंघोळ? स्वतः. भात रांधणं? येतं. शेतातलं काम?

"नाई करत," बाबा म्हणाले.

"येत नाही, की करू देत नाही?"

"करू देत नाई," बाबा खाली बघत म्हणाले. "पंधरा वर्सं झाली."

आत्यानं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "राहू दे भाऊ, आता देजो."

नव्या कागदात मानसिक वय नव्हतंच; तिला काय काय येतं आणि कुठे मदत लागते, तेवढंच लिहिलं होतं. आत्यानं तो उलटापालटा करून पाहिला आणि हिरमुसली. "ताई, माही उमर कोठी गेली?" एकवीस वर्षं कष्टानं जमवली होती बिचारीनं.

कापणीच्या पहिल्या सकाळी बाबा स्टुलावर चढले. विळा गंजला होता. त्यांनी तो दगडावर घासघासून पाजळला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. आम्ही धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात उतरलो. बाबांनी मुद्दाम तिच्या शेजारची पात धरली, तिला सांभाळायला म्हणून. हात कापून घेईल, ही भीती त्यांच्या तोंडावर अजून होती.

अर्धी बांधी कापून आत्या थांबली आणि मागे वळली. बाबा बरेच मागे राहिले होते, कमरेवर हात ठेवून धापा टाकत.

"भाऊ," ती साऱ्या बांधीला ऐकू जाईल अशी ओरडली, "चाल ना लवकर! सहा वर्साचा होय का तू?"