सहानंतरचा वडापाव

शुद्धलेखन चुकलं, अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं दिसलं, तर वाचणाऱ्याने माफ करावं. चौथीनंतर माझ्या हातातलं पेन गेलं आणि द्राक्षाची कात्री आली.

पिंपळगावच्या आमच्या पॅकहाऊसमध्ये सहानंतर थांबलं की ओव्हरटाइमच्या पैशांऐवजी वडापाव मिळायचा. एकदा नवीन आलेली एक बाई सहाच्या ठोक्याला कात्री अंबाड्यात खोचून रिकाम्या क्रेटवर बसली.

"मावशी, कंटेनर उभा आहे!" सुपरवायझर ओरडला.

"राहू दे की. आम्ही बी सकाळपासून उभ्याच हाय. सहानंतर डबल पगार लागंल. लाइटबिलात वडापाव चालत नाय."

मी लाजत तिच्याशेजारी टेकले. नाव विचारायचा धीर झाला नाही. मग सगळ्याच बसल्या. द्राक्षं तापायला लागली तसे शेठ धावत आले.

शनिवारी मागचा सगळा ओव्हरटाइम डबल दराने चुकता झाला. वडापाव तेवढा बंद झाला.