मोहाखालची हाक

आईच्या छातीत डाव्या बाजूला, कातडीखाली, एक छोटं मशीन आहे. हृदय चुकलं की ते त्याला वळणावर आणतं. नागपूरच्या डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं होतं, "मोबाईल या बाजूला ठेवायचा नाही. निदान वीतभर लांब." आईनं मान डोलावली आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता मोबाईल पोलक्यात डावीकडेच खोचला. पैसे, सुपारी, घराची किल्ली जन्मभर तिथंच राहत आली होती.

मी भद्रावतीहून रोज फोनवर तेच दळण दळायची.

"आई, फोन कुठं आहे?"

"कानाले."

"आणि बोलणं झाल्यावर?"

नेमकी तेव्हाच तिची रेंज जायची.

मोबाईलनं डोकं भाजतं, झोप उडते, असं लोक काय काय सांगतात. त्यातलं खरं किती, मला ठाऊक नाही. मशीनचं मात्र डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि मला आई हवी होती.

मोहाची फुलं गळायला लागली की आमच्या सिंदेवाहीकडच्या गावात कोणी घरी थांबत नाही. प्रत्येक घराची झाडं ठरलेली. आई वाकून फुलं वेचायची आणि बाबा काठी घेऊन हाका घालायचे. वाकलेलं माणूस वाघाला जनावर वाटतं, म्हणून एकानं वेचायचं, एकानं ओरडायचं. यंदा मी घरी आले, तर बाबांचे गुडघेच बसले होते. मी म्हटलं, मग मोह राहू द्या. दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी परमुलखातून आले होते.

बाबांनी तोड काढली. ओसरीवर बसून त्यांनी आईच्या मोबाईलमध्ये आपल्या हाका भरल्या. मधेच ठसका, मधेच "पानी पे वो". त्या पुन्हा पुन्हा वाजत राहतील असं मी लावून दिलं. जंगलात रेंज नसते, पण हाकांना रेंज लागत नाही.

पहिल्या दिवशी मी सोबत गेले. फोन फांदीला टांगायला जुन्या लुगड्याची पिशवी शिवली होती. झाडाखाली पोचताच आईनं पिशवी माझ्या हातात दिली आणि वाजता फोन पोलक्यात घातला. डावीकडेच.

"फांदीवर टांग ना आई. आवाज तिथूनही येईल."

"येते. पन तिथून तुये बाबा दूर वाटते."

मला राग आला आणि भरूनही आलं. बाबांशिवाय ती या झाडाखाली कधी आलीच नव्हती. संध्याकाळी मी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी मोबाईल मागून घेतला आणि ते गोठ्याकडे गेले.

दुसऱ्या सकाळी झाडाखाली हाका सुरू झाल्या. ठसका झाला, पाणी झालं. मग नवीनच काही ऐकू आलं.

"अवो, मले छातीवरून काढ. उजव्या बाजूले कमरेले बांध. मी कुठी जात नाई. आयकून राह्यली ना?"

आईनं टोपली खाली ठेवली. माझ्याकडे न बघता पिशवीसाठी हात पुढे केला, फोन तिच्यात घातला आणि उजवीकडे कमरेला बांधला.

"हो जी," ती पिशवीकडे बघत म्हणाली. "बांधली."

मग ती वाकली आणि वेचू लागली. टोपली भरेपर्यंत बाबा पुन्हा पुन्हा तेच विचारत होते, आणि ती दर वेळी "हो जी" म्हणत होती.