पट्टी हिरवीच होती

गुणाजी गेल्याची बातमी आली तेव्हा मी त्याच्यावर रागावून बसलो होतो. दिवेलागणीची वेळ, सून रेश्मा तुळशीपुढे दिवा लावत होती, आणि मी पडवीतल्या बाकावर चहाचा कोप हातात धरून मनातल्या मनात त्याला शिव्या घालत होतो, की हा गृहस्थ अर्ध्यातून न सांगता उठून जातो म्हणजे काय! तेवढ्यात फोन वाजला. गीता होती. गीता म्हणजे गुणाजीची मुलगी, गोव्यातल्या मये गावात त्याच्याबरोबर राहायची. "काका, बाबा आमका सोडून गेले," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "कसा शक्य आसा गे? आता दुपारी माझ्याबरोबर नदीकाठार उभो होतो." ही नदी खरी नव्हे, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. नदी फोनवरच्या खेळातली. पण तो तिथे उभा होता हे खरं, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं, आणि त्याच्या जीवाची पट्टी टोकापासून टोकापर्यंत हिरवीगार होती...

आम्ही दोघे दशावतारी. जत्रा आली की देवळापुढे काला, म्हणजे आमचं दशावतारी नाटक, व्हायचा, आणि पेडणे-डिचोलीच्या गावांतून आम्ही उभी हयात तोंडाला रंग लावून काढली. गुणाजी राजपार्टी, म्हणजे राजाची सोंगं त्याची, मी राक्षस. तो देखणा होता, आवाज गोड होता, बायका त्याला बघायला यायच्या. मला बघून पोरं रडायची. माझ्यासारखा राक्षस या मुलखात झाला नाही, हे मी स्वतःच सांगतो, कारण सांगणारा दुसरा आता उरला नाही. ज्यांनी काला बघितला नाही त्यांच्यासाठी लिहितो, की आमच्या नाटकाला लिहिलेलं पुस्तक नसतं. एक बाक, तेच सिंहासन, तोच डोंगर. बोलणं उभ्या-उभ्या सुचेल ते, आणि युद्धसुद्धा कुणी बसवलेलं नसतं. पखवाज आणि झांज चढत जाते, दोघांनी तलवारी घेऊन गरगरत सुटायचं, आणि समोरच्याचा दम किती राहिला ते त्याच्या पायाच्या ठेक्यावरून ओळखायचं. मला गुणाजीचं पाऊल पाठ होतं. उजवा पाय जरा घासायला लागला की मी समजायचो, आता हा थकला. आणि अगदीच दम संपला की त्याची एक खूण होती. तलवारीचं टोक खाली फळीवर टेकायचं, दोन्ही हात मुठीवर ठेवायचे आणि ताठ उभं राहायचं. म्हणजे, माझा श्वास गेला, आता तू बोल. मग मी सुटायचो. तिन्ही लोकांत मला मारणारा जन्मला नाही, असं राक्षसाचं लांबलचक भाषण ठोकायचो, त्याला दम येईपर्यंत. लोकांना वाटायचं, राजा बघा किती शांत, राक्षसाला कस्पटासमान लेखतो. एकदा एका गावात यजमानांकडे हा लाडवांवर तुटून पडला आणि तसाच युद्धाला उतरला. टोक टेकवून उभा राहिला तो हलेचना. मी बोलून बोलून थकलो, पखवाजवाला जांभया द्यायला लागला. जवळून जाताना मी दातओठ खाऊन विचारलं, "मरतंस काय मारतंस?" तर हा राजा ओठ न हलवता म्हणतो, "आणखी थोडा बोल मरे राक्षसा, लाडू वर येतत."

पुढे वय झालं, मंडळी विस्कटली, त्याचे गुडघे गेले. तो मयेला, मी पेडण्याला. म्हटलं तर जवळ, पण म्हापशाला जा, तिथून डिचोलीची बस धर, तिथून पुन्हा मये... दोन म्हाताऱ्यांसाठी ते काशीला जाण्यासारखंच. वर्षातून एकदा भेट झाली तर झाली. अशात गीताने त्याच्या फोनवर हा खेळ घातला. कॉलेजात असताना ती स्वतः खेळायची, म्हणाली बाबांचा वेळ जाईल. जगभरची माणसं यात एकाच वेळी असतात. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं, शस्त्र घ्यायचं, दोघा-चौघांनी मिळून राक्षस मारत फिरायचं, आणि कानात यंत्र घालून एकमेकांशी बोलायचं. गुणाजीने त्याच दिवशी मला फोन केला. एवढा आनंदलेला त्याचा आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. "रे भिवा, आमचो कालोच आसा रे ह्यो! सोंग घेवचा, युद्ध करूचा. तू ये बघया." मी आधी हसलो. मग रेश्माला सांगितलं, माझ्या फोनवर घाल. दुसऱ्या दिवसापासून दुपारची जेवणं झाली की मी जनेलाजवळ, म्हणजे खिडकीशी, खुर्ची ओढायचो आणि तो तिकडे त्याच्या आरामखुर्चीत. मला यात कधी कमीपणा वाटला नाही. हसणाऱ्यांनी हसावं. ज्या माणसाबरोबर आयुष्यभर लढलो, तो मला परत मिळाला होता, आणि तो मिळायची दुसरी वाट नव्हती.

भांडण पहिल्याच आठवड्यात झालं. या खेळात प्रत्येक सोंगाच्या डोक्यावर एक पट्टी असते. जीव पूर्ण असला की हिरवी, घाव बसला की कमी कमी होत पिवळी, मग लाल, आणि संपली की सोंग पडलं. घावागणिक आकडे उडतात. खाली गोल चकत्या असतात, कुठला वार केव्हा तयार होणार ते सांगणाऱ्या. बाजूला सोबत्याचं नाव आणि त्याचीही पट्टी. गुणाजीला ते बघवेना. "डोक्यार जीव टांगून कोण रे युद्धाक उतरता?" म्हणाला. गीताने त्याला दाखवलं, की हे सगळं लपवताही येतं. झालं, त्याने एकूण एक गोष्ट लपवून टाकली. त्याच्या फोनवर नुसती जमीन, झाडं, पाणी आणि आमची दोन सोंगं. मला म्हणतो, तूही बंद कर. मी म्हटलं, अजिबात नाही. माझं म्हणणं होतं, आणि ते मी आजही सोडलेलं नाही, की रंगमंचावर मला तुझं पाऊल दिसत होतं, तुझा श्वास ऐकू येत होता. इथे बाहुली आहे. ती ताजी असताना जशी धावते तशीच मरायला टेकली तरी धावते, तिचा पाय घासत नाही, तिला घाम येत नाही. मग मला तुझं कसं कळावं? पट्टीच लागणार. यावर तो म्हणाला, "पट्टीकडे बघणारो माणसाकडे बघणा नाय." मी म्हटलं, "माणूस खंय आसा हंय? ही तर बाहुली." "मग बाहुलीक बघू नको," तो म्हणाला, "माझां ऐक." आम्ही दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी त्यानेच फोन केला, पण पट्टीवर ना तो हटला ना मी.

तेव्हापासून आमचं असंच चालायचं. स्वतःचा जीव किती उरला ते त्याला दिसत नसे, तो बेधडक घुसायचा, आणि त्याची पट्टी माझ्या फोनवर दिसायची. म्हणून सबंध दुपार माझं ओरडणं, "गुणा, मागे सर! गुणा, पिवळी झाली! अरे लाल झाली, पळ रे मेल्या!" तो पळायचा नाही. पडायचा. पडला की हसायचा, आणि म्हणायचा, "राक्षसा, वेळेर सांगूक येणा नाय तुका." मी वेळेवरच सांगितलेलं असायचं. रेश्मा आतून म्हणायची, बाबा, शेजारच्यांना वाटेल घराला आग लागली. पण खरं सांगतो, माझा घसा त्या दुपारांत जेवढा सुटला तेवढा काला सोडल्यानंतर कधी सुटला नव्हता.

त्या दिवशीही तसंच. एक युद्ध संपलं होतं, दोघेही धड होतो. नदी ओलांडून पलीकडे जायचं होतं. मी म्हटलं, "चल." तो हलला नाही. आणि मग बघतो तर त्याच्या सोंगाने तलवारीचं टोक खाली टेकलं, दोन्ही हात मुठीवर ठेवले आणि ताठ उभं राहिलं. मला काय वाटलं ते लिहायला हात धजत नाही... मला आनंद झाला. वाटलं, यानं कुठलीतरी कळ शोधून काढली, आमची जुनी खूण मला दाखवतोय. पट्टीकडे बघितलं. हिरवी, भरलेली. म्हणजे दम आहे, नुसतं नाटक आहे. मग मी कशाला मागे राहतो! खुर्चीतून उठलो, आणि या वयात, भर दुपारी, राक्षसाचं अख्खं भाषण केलं. तिन्ही लोक घेतले, इंद्राला खाली ओढला, मला मारणारा जन्मला नाही म्हणून गरजलो. मध्ये कानात काहीतरी घासल्यासारखा आवाज आला, आणि एक लांब श्वास. मला वाटलं हसतोय. "हसतंस काय रे? आयक, आयक," असं म्हणून मी पुढे बोलत राहिलो. काही वेळाने त्याचं सोंग नाहीसं झालं, आणि अक्षरं आली की तुमचा सोबती खेळ सोडून गेला आहे. माझं भाषण संपायच्या आत उठून गेला, असं मला वाटलं. त्याचाच राग होता. तो राग घेऊन मी चहा प्यायलो.

मागाहून रेश्माने मला समजावून सांगितलं. बराच वेळ कुणी फोनला हात लावला नाही, की या खेळातलं कुठलंही सोंग आपोआप तलवार टेकवून उभं राहतं. आणखी वेळ गेला की खेळ त्याला बाहेर काढतो. तिचंही बरोबर, खेळाचंही बरोबर. आणि पट्टीचंही बरोबरच, कारण पट्टी सोंगाची होती. सोंगाला काही झालं नव्हतं.

बाराव्याला मयेला गेलो. रेश्माने गाडीने नेलं. गीताने मला तीच आरामखुर्ची दिली, मी बसलो नाही, खाली चटईवर बसलो. ती त्या दुपारी कामासाठी डिचोलीला गेली होती, आली तेव्हा तो खुर्चीत होता, यंत्र कानातच होतं. डॉक्टर तिला म्हणाले, जवळ कुणी असतं तरी उपयोग झाला नसता. ते तिला म्हणाले. माझ्या कानात तो श्वास आहे, डॉक्टरांच्या कानात नाही. गीताला मी भाषणाचं काही सांगितलं नाही. तीच आपणहून बोलायला लागली. "काका, मी तेंका कितके वेळा म्हटलां, पट्टी लावून देतंय, सारखे कित्याक मरतास? तर म्हणत, नको गे. पट्टी दिसाक लागली काय भिवा गप जातलो. आता कसो घसो सुकासर माझ्या नावान बोंब मारता, तां बरां." आणि ती हसली, रडता रडता. तिला वाटलं, मला ऐकून बरं वाटेल. मी पाणी मागितलं.

म्हणजे त्याला दिसत नव्हतं असं नाही, त्याला बघायचं नव्हतं. त्याची पट्टी मी होतो. दुपारभर मी "गुणा, गुणा" म्हणून ओरडत असायचो तो त्याचा खेळ होता, राक्षस-बिक्षस सगळं निमित्त. आणि ज्या एका दुपारी ओरडायला हवं होतं, नुसतं "गुणा, बरा आसा मा?" एवढं विचारायला हवं होतं, त्या दुपारी मी हिरव्या रंगाकडे बघून इंद्राला खाली ओढत होतो. त्याने ऐकलं असेल तर शेवटचं हेच ऐकलं. देवाचं नाव नाही, मुलीची हाक नाही. राक्षसाची बढाई.

घरी आल्यावर मीही सगळं लपवून बघितलं. पट्टी नाही, आकडे नाहीत, नुसतं रान आणि पाणी. चांगलं दिसतं, गुणाजी म्हणायचा ते खोटं नव्हतं. पण माझं सोंग केव्हा पडतं ते मला कळत नाही, आणि सांगणारं कुणी नाही. मग पुन्हा सगळं लावलं. हट्ट म्हणा. आता कशाने काय फरक पडणार आहे?

एक गोष्ट मात्र लपवता येत नाही. खेळात सोबत्यांची यादी असते. माझ्या यादीत एकच नाव, गुणाजीचं, आता राखाडी झालेलं. त्याच्या खाली बारीक अक्षरांत लिहून येतं, की हा गडी किती दिवसांपूर्वी शेवटचा आला होता. तो आकडा रोज आपोआप एकाने वाढतो. रेश्माला म्हटलं, हा काढ. तिने सगळीकडे शोधलं, म्हणाली, "बाबा, हा लपवता येत नाही. नाव यादीतून काढलं तरच जाईल. काढू?" मी तिच्या हातातून फोन घेतला.

अजून दुपारी जेवण झालं की मी जनेलाजवळ बसतो. खेळत नाही फारसा. यादी उघडतो, आकडा वाचतो, बंद करतो. काल वाटलं, मी गेल्यावर माझ्याही नावाखाली असाच आकडा चढत जाणार. पण माझं नाव फक्त गुणाजीच्या यादीत आहे, आणि त्याचा फोन गीताने बंद करून कपाटात ठेवला आहे.