देवी न्हाई, नळी

"झोपवू नका, बसवा!" हे वाक्य आप्पा अनोळखी माणसालाही नमस्काराच्या जागी ऐकवत. शिरूरच्या एसटी स्टँडामागे तुम्ही कधी जळालेली पाण्याची मोटर नव्या तारेने भरायला टाकली असेल, तर चाकाच्या खुर्चीतल्या आप्पांनी तुम्हालाही ऐकवलं असेल.

माझं शिवणकामाचं दुकान त्यांच्या शेजारी. विहिरीतून मोटर काढताना आप्पा आत पडले, मणका मोडला. छातीखाली काही कळेना, पण शरीर गप्प बसत नव्हतं. लघवीची नळी मुडपली, की मूत्राशय तटतटून फुगायचं. ते त्यांना समजायचं नाही. रक्तदाब मात्र भसकन चढायचा. डोकं ठणकायचं, तोंड लालबुंद व्हायचं, कपाळावरून घामाच्या धारा लागायच्या. अशा वेळी आडवं केलं तर मेंदूतली शीर फुटायची भीती. बसवायचं, कपडे सैल करायचे, नळी मोकळी करायची. एवढं साधं, पण चार शिकलेल्या माणसांनाही ते ओरडून सांगावं लागे, याचा मला अजून संताप येतो.

एकदा नवरात्रात दुकानातच तसं झालं. हातांवर काटा, डोळे लाल. मोटर न्यायला आलेल्या यवतच्या मावशींना वाटलं, अंगात आलं. त्यांनी हात जोडले, आप्पांच्या कपाळाला कुंकू लावलं आणि विचारलं, "आई, माझ्या पोरीचं लगीन कवा जमंल?"

"आवं मावशी, देवी न्हाई, नळी हाय! पायाखाली मुडपलीया, तेवढी सोडवा!"

मावशींनी घाबरत सोडवली. लघवीची पिशवी भरू लागली, लाली ओसरली. मग आप्पा कपाळ पुसत म्हणाले, "लगीन दिवाळीनंतर जमंल. न्हाई जमलं तर पुढची मोटर फुकट भरून देतो."

गेल्या वर्षी त्यांना ताप भरला, नळी तुंबली आणि डोकं फुटायला आलं. ॲम्ब्युलन्सवाला पोरगा म्हणाला, "आप्पा, नियम हाय, झोपावंच लागंल."

"नियम तुजा, डोकं माजं! पाठ उभी कर स्ट्रेचरची, न्हाईतर म्या खुर्चीतच बरा."

त्यांच्या पायजम्याची नाडी मी सोडली. पोराने कुरकुरत पाठ उभी केली.

चौथ्या दिवशी पुण्यात आप्पा गेले. संसर्ग रक्तात भिनला होता. मला त्यांची फार आठवण येते. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते गाडीच्या मागच्या काचेतून: ताठ बसलेले, घामाने निथळणारे, बोट नाचवत त्या पोराला काहीतरी शिकवणारे.