ओळखीचा चोर

आमच्या सासऱ्यांइतका संशयी माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो खरा संशयी आहे की नुसतं सोंग करतोय, असा सासऱ्यांना संशय येईल. लिंबागणेशच्या मळ्यातली भाजी बीडच्या बाजारात नेणारी त्यांची सोळा वर्षांची पिकअप म्हणजे या संशयाचं माहेरघर. ऑइल बदलायचं तर डबा स्वतः विकत घेणार, सील नखानं खरवडून बघणार आणि शेवटचा थेंब निथळेपर्यंत डबा उपडा धरून उभे राहणार. उरलेलं ऑइल मिस्त्री विकतो म्हणे! काढलेला प्रत्येक जुना पार्ट पोत्यात भरून घरी येतो; सासूबाईंची ज्वारीची कणगी त्यापायी पडवीत गेली. शिवाय चांगला पार्ट कुणी काढून घेऊ नये म्हणून माझ्या बायकोची गुलाबी नेलपॉलिश घेऊन ते गाडीखाली शिरतात आणि दिसेल त्याला ठिपका लावतात. लग्नात आणलेली ती बाटली बिचारीला पुन्हा दिसलीच नाही.

एवढं डिझेल जाळून केजच्या मिस्त्रीकडेच का जाता, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "चोर तर समदेच हाईत, जावईबापू. पर ह्यो वळखीचा चोर हाय."

दोन वर्षांखाली या ओळखीच्या चोरानं मागची चाकं खोलली आणि मान हलवली. "मालक, लायनर पार झिजलेत. घाटात ब्रेक लागायचा न्हाई."

"लायनर न्हाई, माजा खिसा झिजवायचाय तुला!" सासऱ्यांनी जुन्याच लायनरवर ठिपके लावले, हेच परत बसव म्हणून बजावलं, मला राखणीला स्टुलावर बसवलं आणि ते तहसीलला गेले. जावयाचा मान हा असा! थोड्या वेळानं मिस्त्री म्हणाला, "दाजी, समोरच्या हाटेलात भजी निघालीत." मी गेलो. भजी खरंच चांगली होती. तहसीलहून परत आल्यावर सासऱ्यांनी बॅटरी मारून ठिपके तपासले, मगच चाकं चढवू दिली. पुढं दोन वर्षं ते गावभर सांगत होते, "गेलेत म्हनला व्हता! चालतेत की!"

यंदा मिस्त्री दुकान बंद करून लेकीकडे राहायला गेला, म्हणून नाइलाजानं बीडचा फिटर गाठला. त्यानं चाक खोललं. "लायनर लई चांगलेत, मामा. दोनेक वर्षांखाली बदलले असतील."

"बदललेच न्हाईत!" सासरे ओरडले आणि वाकून बघायला लागले. बॅटरीच्या उजेडात गुलाबी वाटलेला ठिपका उन्हात चक्क लाल होता.

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मला भजी आठवली आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्यांनी मिस्त्रीला फोन लावला. "कावून बे, मला न सांगता लायनर बदलले? पैसे बी घेतले न्हाईस!"

"पैसे मागितले असते तर बसवू दिले असते का, मालक? घाटात शेजारी वैनी बसत्यात तुमच्या."

सासऱ्यांनी त्या लाल ठिपक्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "शेवटी फशिवलंसच मला." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला आणि उपरण्यानं डोळे पुसले.

परतीला मांजरसुंब्याचा घाट चढताना ते प्रत्येक वळणावर ब्रेक दाबत होते. चढावर ब्रेक कशाला, असं मी विचारलं नाही.