सरू धवलारणीने फार्महाऊसवर लावलेलं लग्न

वांगणीपलीकडच्या पाड्यांत सरू धवलारणीवाचून लग्न लागत नाही. भटजी उशिरा आला तरी चालतं. पण सरूने धवला, म्हणजे लग्नाचं गाणं, गाताना त्यात नवरानवरीची नावं गुंफली की लग्न पक्कं. म्हणूनच खोट्या मांडवात तोंड उघडायचं नाही, हा तिच्या सासूपासूनचा नेम.

आणि अंबरनाथच्या पुष्करशेठला नेमका खोटाच मांडव हवा होता! त्याच्या फार्महाऊसवर रविवारी पाहुणे येत. सकाळी ओढ्यात डुंबणं, दुपारी ‘गावची संस्कृती’. गाडीतून उतरल्या उतरल्या शेणाला नाकं मुरडायची आणि लगेच सारवलेल्या भिंतीपुढे फोटो काढायचे. भाताचं रोप कुठलं नि गवत कुठलं ते कळत नाही, पण भाकरी ‘ऑथेंटिक’ नाही हे बरं कळतं!

“मावशी, पाचच मिनिटं,” पुष्कर म्हणाला. “हे सनी आणि शलाका नवरानवरी होतील. रूपेशकडे बघून तरी गा.”

रूपेश म्हणजे सरूचा मुलगा, तिथलाच राखणदार. नाही म्हणावं तर पोराची नोकरी जाणार. हो म्हणावं तर शेजारच्या गोदूने बजावलेलंच होतं, “खोट्या लग्नात गायलीस, तर गुरुवारी माज्या पोरीच्या मांडवात पाय ठेवू नको गो!”

सनी गॉगल लावूनच पाटावर उभा राहिला. शलाका म्हणाली, “आंटी, थोडं लाऊड हां, रील बनवायचीय.”

सरूने दोघांना आपादमस्तक न्याहाळलं. पलीकडे पुष्करचे कुत्रे, टायगर आणि डॉली, पत्रावळी चाटत होते. तिने पदर सावरला, डोळे मिटले आणि लांब हेल काढत धवला सुरू केला. नवरदेव टायगर, नवरी डॉली, दोघांच्या कुळाला मान!

चुलीपुढच्या बायांनी तोंडात पदर कोंबले. पाहुण्यांच्या माना मोबाइलमध्ये, पुष्करचीही. “वॉव, किती प्युअर!” म्हणत त्यांनी टाळ्या पिटल्या आणि सनी-शलाकावर अक्षता उधळल्या.

संध्याकाळी गोदू तणतणत आली. “गायलीस ना अखेर?”

“गायले. पन खोटं नाय लावलं,” सरू म्हणाली. कुणाचं लावलं ते ऐकल्यावर गोदू हसता हसता खालीच बसली, आणि तिथूनच गुरुवारचं आवतण देऊन गेली.

पुढच्या रविवारी पुष्कर पुन्हा दारात. “मावशी, पाहुण्यांना फार आवडलं. तेच गाणं पुन्हा हवंय.”

“एकदा लागलं ते लागलं, शेठ,” सरू सुपातले तांदूळ पाखडत म्हणाली. “आता बारशाला बोलवा.”